चार बोटं वर

वॉर्डात त्यांना फुलीवाल्या सिस्टर म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण या नावानं त्या चिडत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नवा डॉक्टर "त्या स्टोमा नर्स कुठे बसतात हो?" असं विचारत आला, की फरशी पुसणाऱ्या मावशी मान वर न करता सांगायच्या, "फुलीवाल्या ना? त्या बसत नाहीत. त्या दुसऱ्यांना बसवतात, उठवतात, वाकवतात. आवाज ऐकू येईल तिकडं जा."

मावशींचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आतड्याच्या आजारात काही माणसांची शौचाची नेहमीची वाट बंद करावी लागते. मग सर्जन आतड्याचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढतो आणि तिथंच शिवून टाकतो. लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं दिसणारं ते टोक म्हणजे स्टोमा. त्याच्याभोवती चकती चिकटवायची, चकतीला पिशवी लावायची, आणि माणसानं तिच्यासकट पुढचं आयुष्य काढायचं. आता पोट म्हणजे काही सपाट मैदान नव्हे. त्याला घड्या असतात, वळ्या असतात, जुन्या टाक्यांचे व्रण असतात, वरून पँटचा पट्टा असतो. चकती घडीत आली की सुटते, सुटली की गळते, आणि चारचौघांत एकदा गळली की माणूस घराचा उंबरा ओलांडायचं सोडतो. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पेशंटच्या पोटावर जांभळ्या पेनानं फुली मारायच्या. इथं काढा. सर्जनची सुरी कितीही मोठी असो, ती उतरायची सिस्टरांच्या फुलीवर.

या एवढ्याशा फुलीला त्यांना पाऊण तास लागायचा. पेशंटला निजवायचं, बसवायचं, उभं करायचं, बुटाची नाडी बांधायला लावायचं. दवाखान्याचा झगा काढून त्याची घरची पँट घालायला लावायची. स्वतःच्या पोटावर स्वतःची नजर कुठपर्यंत पोचते ते बघायचं, कारण जे दिसत नाही ते माणूस साफ कसं करणार? आणि हे सगळं झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बरं, आता तुमचं काम करून दाखवा."

इथून वॉर्डाची करमणूक सुरू व्हायची. ट्रक चालवणाऱ्याच्या हातात त्या स्टीलचा ट्रे द्यायच्या आणि म्हणायच्या, हं, घ्या वळण. शाळेतल्या बाई भिंतीवर बोटानं फळा लिहायच्या. एका माळ्यानं उकिडवं बसून कॉटखालचं सगळं तण उपटलं होतं. बाजूच्या कॉटवरचे म्हातारे म्हणायचे, "सिस्टर, तिकीट लावा आता." सिस्टर हसायच्या, पण त्यांचे डोळे पोटावरच असायचे. कुठं घडी पडते, कुठं काय घासतं, कुठली जागा सगळ्या हालचालींत शहाण्यासारखी सपाट राहते.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते एका बस कंडक्टरमुळे, चोवीस वर्षांपूर्वी. तेव्हा त्या नव्या होत्या आणि स्टोमाची जागा ऑपरेशन टेबलावर, पेशंट भुलीत उताणा असताना ठरायची. कंडक्टरचं ऑपरेशन झकास झालं होतं. तीन महिन्यांनी तो माणूस उरलेल्या पिशव्यांचा खोका घेऊन वॉर्डात आला. नोकरी सोडली होती, पिशव्या कुणा गरजूला द्या म्हणाला. तिकिटांची चामडी बॅग खांद्यावरून लटकायची ती नेमकी स्टोमावर. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की हो," एवढंच तो बोलला. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना पुढं कैक वर्षं वाटत राहिलं.

शिकायला येणाऱ्या पोरींना मग त्या पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करायला लावत. "पोट ज्याचं, बोलायचं त्यानं." बायको, मुलगा, जावई, मेहुणा, सगळ्यांना चहाला पाठवायचं. नातेवाईक प्रेमानं खोटं बोलतात, आणि प्रेमानं बोललेलं खोटं पकडायला फार अवघड.

घरी सिस्टरांचा नवरा जेवताना कामाचा विषय निघाला की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई. सासूबाई मात्र ऐंशीच्या पुढच्या असूनही कान टवकारून बसत. "आज कुणाच्या पोटावर मारलीस गं?" असं विचारत, आणि उत्तर ऐकताना दोन घास जास्तच जेवत.

तर अशा या सिस्टर. आणि त्यांच्याच हातून ते व्हावं.

मास्तर आले तेव्हा त्यांचं वय बासष्ट. शिंप्याच्या दुकानातले कटिंग मास्तर. म्हणजे शिवायचं दुसऱ्यानं, कापायचं यांनी. अंगानं किडकिडीत, पण पोट तेवढं पुढं आलेलं. गाठ आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला होती, त्यामुळे स्टोमा कायमचा राहणार होता. ऑपरेशन खरं तर परवावर होतं. अचानक यादीतला एक पेशंट तापला आणि मास्तरांचा नंबर उद्या सकाळवर आला. सिस्टरांना निरोप मिळाला तेव्हा त्यांच्यापुढे आणखी दोन पोटं होती. पाऊण तासाची वीस मिनिटं झाली.

निजवून झालं, बसवून झालं, वाकवून झालं. मास्तर सांगितलं तेवढं करत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. बायको कॉटच्या लोखंडी कठड्याला धरून उभी होती. तिला चहाला पाठवायचं राहून गेलं.

"बरं, आता काम करून दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

"काम कसलं आता," बायको म्हणाली. "चाळीस वर्षं केलं की. पुरे झालं. मी त्यांना सांगितलंय, बरे होऊन घरी या आणि खुर्चीत बसा. पेपर वाचा, नातवाला गोष्टी सांगा. दुकानात जाणं बंद म्हणजे बंद."

सिस्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताच्या पंख्याकडे बघत होते.

"बंद ना मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली. होकाराची होती की माशी उडवली, हे त्या क्षणी नीट पाहायला हवं होतं.

बाईचं बोलणं इतकं समजूतदार, इतकं मायेचं, की सिस्टरांना ते पटलं. मनात आलंही, की बासष्ट म्हणजे काही कमी नाही, आणि एवढ्या दुखण्यातून उठून पुन्हा कोण उभं राहणार टेबलापाशी? त्यांनी खुर्चीत बसणाऱ्या माणसाची जागा शोधली. बेंबीच्या खाली डावीकडं, पोटाच्या गोलाईवर, नजरेला अगदी स्वच्छ दिसणारी. फुली मारली, वर पारदर्शक पट्टी लावली आणि कागदावर सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. स्टोमा असा गोल, असा नेमका उंच, की मोठ्या सर्जननी त्याचा फोटो काढून घेतला. "सिस्टर, हा शिकवायला ठेवा," ते म्हणाले. "जागा अशी असावी." सिस्टरांनी तो फोटो आपल्या बुधवारच्या वर्गात लावला. पोरी वहीत चित्र काढून घ्यायच्या.

शिकवायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी सगळ्यांवर कडी केली. स्टोमाच्या मापाचं भोक चकतीला आपण कापून घ्यावं लागतं. सैल झालं तर कातडी जळते, घट्ट झालं तर स्टोमा कापला जातो. भल्याभल्यांचे हात इथं थरथरतात. पहिल्या दिवशी मास्तरांनी आरशात स्टोमाकडं बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी सिस्टर मापाच्या कागदावरून चकती कापायला लागल्या, तसं मास्तरांना राहवेना.

"आणा इकडं," म्हणाले. "कात्री अशी धरतात होय? कात्री जागेवर ठेवायची, कापड फिरवायचं."

एका फिरकीत भोक पडलं. कडेला एक दाता नाही. सिस्टरांनी मापानं तपासलं आणि त्यांना हसू आलं. सोबत शिकणारी धाकटी सिस्टर म्हणाली, "मास्तर, बुधवारी या आमच्याकडं शिकवायला." मास्तर पहिल्यांदा हसले. ते हसले याचाच आनंद इतका झाला, की ज्या हाताला अजून एवढी खाज आहे तो हात खुर्चीत पेपर धरून बसेल का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

दोन महिने सगळं सुरळीत होतं. तिसऱ्या महिन्यात मास्तर एकटेच आले. चकती सुटते म्हणाले. सिस्टरांनी जरा फुगीर चकती दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. सिस्टरांनी कडेला लावायची पेस्ट दिली, कमरेचा इलास्टिकचा पट्टा दिला. चौथ्या महिन्यात तिसऱ्यांदा आले, तेव्हा शर्टावर स्वेटर घातला होता, उकाड्यात. खालचा डाग झाकायला.

"घरी गळते?"

"नाही."

"मग कुठं गळते?"

"असंच. फिरायला जातो ना सकाळी. बागेत."

सिस्टरांनी त्यांना निजवलं आणि चकती हळूहळू सोडवली. स्टोमाची वरची कड पांढुरकी पडली होती, एका जागी खरचटून रक्ताचा थेंब आलेला. त्या एका बाजूला वाकल्या आणि दिव्याच्या उजेडात बघत राहिल्या. स्टोमावरून, दोन्ही बाजूंच्या कातडीवर, एक लालसर रेघ गेली होती. पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ.

माणसाच्या पोटावर सरळ काहीच नसतं. घड्या वाकड्या, शिरा वाकड्या, व्रणसुद्धा वाकडे. सरळ रेघ माणसाची नसते, वस्तूची असते.

"दुखत नाही इथं?"

"अजिबात नाही."

नाहीच दुखणार. आतड्याच्या त्या टोकाला घासल्याची, कापल्याची वेदना नसते; कुणी चिरलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. सिस्टरांना त्याचीच भीती वाटली. सोडवलेली चकती त्यांनी उलटी केली. डिंकात, अगदी कडेला, निळा चुरा चिकटला होता. त्यांनी बोटावर घेऊन चोळला. खडू.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "बागेत कापडावर खुणा करता काय?"

मास्तरांनी त्यांच्या बोटावरचा खडू पाहिला. मग उठून बसले आणि शर्ट खाली ओढला.

"दोन महिने झाले दुकानात जातोय. सकाळी नऊ ते बारा. ती समजते बागेत बाकावर बसतो. काय करू मग? घरात बसलो की या पिशवीकडं बघत बसतो. टेबलापाशी उभा राहिलो की विसरतो."

"मला का नाही सांगितलंत? फुली मारायच्या आधी विचारलं होतं मी."

"तुम्ही विचारलंत," मास्तर म्हणाले. "उत्तर तिनं दिलं. तुम्ही लिहून घेतलंत."

सिस्टरांनी हातातली चकती ट्रेमध्ये ठेवली.

"ती तीन दिवस रडत होती सिस्टर. म्हटलं, उद्या मरायचंच असेल तर आज भांडून कशाला मरा. पण तुमचं सांगा. चाळीस वर्षं मापं घेतोय मी. गिऱ्हाईक गप्प असतं, बायको शेजारून सांगते, सैल ठेवा हो, यांना सैल आवडतं. मी टेप त्याच्या अंगावर लावतो आणि त्यालाच विचारतो. पँट त्याला घालायचीय. तुमचंही कामच आहे मापाचं. तुम्ही दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं माप घेतलंत."

धाकटी सिस्टर ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तशीच मागे वळली.

सिस्टरांनी नवी चकती लावून दिली, जखमेला पावडर दिली आणि आठवडाभर टेबलापाशी उभं राहू नका म्हणून सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "आणि आठवड्यानंतर?" सिस्टर ट्रेमधली कात्री पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी एक. बायकोला सांगा. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही."

मोठ्या सर्जनना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. सर्जन म्हणाले, "जागा चुकलेली नाही सिस्टर. टेबलापाशी उभं राहायचं नाही म्हणून सांगून टाका. जागा बदलायची तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि या वयात, असल्या कारणासाठी मी ते करणार नाही." त्यांचं बरोबरच होतं. सिस्टरांनी फाइल मागवली आणि आपल्या सहीच्या खाली लिहिलं, की जागा ठरवताना पेशंटकडून त्याच्या कामाची माहिती घेतली नाही, नातेवाइकाच्या सांगण्यावर विसंबले. खाली पुन्हा सही केली. पेन खाली ठेवताना त्यांना कंडक्टरचा खोका आठवला. त्या माणसाला निदान कुणी विचारलंच नव्हतं. इथं विचारून ऐकलं नव्हतं. हे त्याहून वाईट की कमी, ते त्यांना ठरवता येईना.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "आज कुणाच्या पोटावर?" सिस्टर म्हणाल्या, "आज स्वतःच्याच पायावर मारून घेतली." नवऱ्यानं त्या दिवशी ताट उचललं नाही.

आठवडा संपला त्या शनिवारी सुट्टी होती. पिशवीत पेन, टेप आणि चार चकत्या घालून सिस्टर दुकानात गेल्या. भिंतीवर खिळ्यांना कागदी नमुने टांगलेले, कोपऱ्यात दोन मशिनं खडखडत होती, आणि मधे ते टेबल. दरवाजाएवढं लांब, जाड लाकडाचं, कडेनं पितळी पट्टीवर इंच खोदलेले. मास्तर बाजूला खुर्चीत बसले होते. बायको दुसऱ्या खुर्चीत. दोघं एकमेकांकडं पाठ करून नव्हते एवढंच.

"या," बायको म्हणाली. "तुम्हीही यांच्याच बाजूच्या ना? बागेत बसतात म्हणे. मी रोज डब्यात फळं कापून देत होते. बागेत."

"ती खाल्ली मी," मास्तर म्हणाले.

"उपकार झाले."

"मी कुणाच्या बाजूची नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्हाला चहाला पाठवायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्यात तुमचा दोष नाही. मास्तर, उभे राहा टेबलापाशी. कापायचं नाही. नुसते उभे राहा, रोज राहता तसे."

मास्तर उठले आणि विचार न करता एका विशिष्ट जागी जाऊन उभे राहिले. तिथं टेबलाची कड वेगळीच दिसत होती. पितळी पट्टी बोटभर आत गेलेली, लाकूड खोलगट झालेलं, तुळतुळीत. सिस्टरांनी त्यांना जरा सरकवून तिथं तळवा ठेवला. चाळीस वर्षं याच जागी पोट टेकून हा माणूस वाकला होता. लाकडाला कुणी माप सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ते घेतलं होतं.

मास्तर परत उभे राहिले, हात लांब करून कात्री चालवल्यासारखं केलं. कड पिशवीच्या बरोब्बर माथ्यावर बसली. सिस्टरांनी कडेपासून वर चार बोटं लावून पाहिली.

"फुली चार बोटं वर हवी होती," त्या म्हणाल्या. "बेंबीच्या वर. तिथं कड कधीच लागली नसती."

"आता ती वर नाही जायची," मास्तर म्हणाले.

"नाही."

मशिनं थांबली होती. कारागीर सुईत दोरा ओवायचं निमित्त करून ऐकत होते. सिस्टर टेबलाभोवती फिरल्या. "इथं अर्धगोल कापून घेतला तर? पोट आत बसेल."

मास्तरांच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की त्यांना दुसरं ऑपरेशन सांगितलंय. "टेबल कापू? आणि मग कापड कशावर टाकू, तुमच्या अर्धगोलावर? पन्ह्याची कड लोंबेल खाली. खुणा वाकड्या पडतील."

"पाय कापून टेबल खाली घ्या मग."

"याच टेबलावर समोरून दुसरा माणूस काम करतो. त्याची कंबर मोडेल."

"मग घरी बसा," बायको म्हणाली. "एवढं सगळं आडवं येतंय तर कुणीतरी वरून सांगतंय असं समजा."

मास्तर टेबलाच्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते, पुन्हा पुन्हा. बायको ते बघत होती. बघता बघता तिचं तोंड आणखीच वाकडं झालं, पण रागाचं नव्हतं ते.

"एवढी हुशार माणसं तुम्ही," ती म्हणाली. "एक पोटं मोजणार, एक कापडं मोजणार. घरी माळ्यावरचा डबा काढायचा असला तर मी माळा खाली ओढते का? खाली काहीतरी घेते आणि वर चढते."

सिस्टरांनी मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी सिस्टरांकडं.

कापडाचे तागे ज्यांवर गुंडाळून येतात त्या रिकाम्या फळ्या मागच्या खोलीत ढिगानं पडल्या होत्या. कारागिरानं चार आणल्या. मास्तर वर उभे राहिले. कड दोन बोटं खाली गेली. आणखी चार आणल्या. मास्तर चढताना डगमगले, तसं बायकोनं दंड धरला आणि ते स्थिर झाल्यावर लगेच सोडलाही. आता कड पिशवीच्या खाली, मांडीच्या सांध्याजवळ टेकत होती. सिस्टरांनी तळवा आत सरकवला. "वाका. अजून वाका. डावीकडं. हं, कात्री घ्या हातात." तळव्याला कुठंही दाब लागला नाही, फार पुढं वाकल्यावरच पोट टेबलावर येत होतं.

"एवढं लांब वाकायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पलीकडचं कापायचं असेल तर चालत पलीकडं जायचं."

"म्हणजे टेबलाभोवती तिन्ही बाजूंनी फळ्या बसवाव्या लागतील."

"बसवा. नीट ठोकून घ्या, हलल्या तर पडाल. आणि दर तासाला आरशात बघायचं. तुम्हाला दुखणार नाही, तेव्हा डोळ्यांनीच बघावं लागेल."

"कंबर दुखेल यात," मास्तर म्हणाले, पण कात्री खाली ठेवली नाही.

"दुखू द्या. कंबरेला निदान कळतं तरी."

मास्तरांनी निळा खडू घेतला, वाकून आपल्या पँटवर, जिथं कड टेकत होती तिथं, एक रेघ मारली. मग सिस्टरांच्या पिशवीतून डोकावणारं जांभळं पेन बघून म्हणाले, "तुमच्यापेक्षा माझं बरं. माझी खूण झटकली की जाते."

सिस्टरांना ते लागलं. त्यांनी ते लागू दिलं.

"बारा वाजेपर्यंतच," बायको म्हणाली. "एक मिनिट जास्त नाही."

"एकपर्यंत."

"बारा. आणि फळं इथं आणून देईन मी. मला बागेचा भरवसा राहिला नाही."

महिन्याभरानं मास्तर तपासून घ्यायला आले ते बायकोबरोबर. सिस्टरांनी बायकोला बाहेर बाकावर बसवलं. तिनं कपाळाला आठी घातली, पण बसली. आत सिस्टरांनी चकती सोडवली. रेघ पुसट झाली होती, अगदी गेली नव्हती. मास्तरांनी आपणहून कबूल केलं, की एकदा लांबचं कापताना विसरून टेकलो. कंबर दुखते. दोन वेळा गळली, पण ती उकाड्यानं. घाईचं काम आता घेत नाही. सिस्टरांनी सगळं लिहून घेतलं. चांगलं तेवढंच लिहायची सवय त्यांनी कधीच लावून घेतली नव्हती.

त्याच आठवड्यात बुधवारचा वर्ग होता. नव्या आठ पोरी आल्या होत्या. भिंतीवर तो फोटो अजून होता. फोटो काढावा असं सिस्टरांना वाटलं होतं, मग वाटलं, नको. धाकट्या सिस्टरला सगळं माहीत होतं, ती मागच्या बाकावर खाली मान घालून बसली.

"या जागेत काय चुकलंय?" सिस्टरांनी विचारलं.

पोरी पुढं वाकल्या. एक म्हणाली, घडीपासून लांब आहे. दुसरी म्हणाली, व्रणापासूनही लांब आहे. तिसरीनं सांगितलं, पेशंटला बसल्याबसल्या दिसेल. चौथी जरा धीट होती. ती म्हणाली, "सिस्टर, यात तर काहीच चूक दिसत नाही."

"नाही दिसत," सिस्टर म्हणाल्या. "मलाही दिसली नव्हती. या फोटोत टेबल नाहीये."

सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गात स्वतः बसल्या. "ही फुली माझी आहे," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "आता आधी ते टेबल कसं होतं ते ऐका."